युनिट सेलचं सिम्युलेशन: पॅटर्न काढण्याआधी काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूरकडची इलेक्ट्रॉनिक्सची मुलंमुली शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला फ्रीक्वेन्सी सिलेक्टिव्ह सरफेस (ठरावीक फ्रीक्वेन्सीच अडवणारा किंवा जाऊ देणारा नक्षीदार पृष्ठभाग), रिफ्लेक्टअ‍ॅरे किंवा अ‍ॅरे अँटेना असा विषय घेतात. विषय चांगला आहे. या सगळ्यांत एकच छोटा तुकडा, म्हणजे युनिट सेल, जाळीसारखा पुन्हा पुन्हा येतो, आणि सिम्युलेशन त्या एका तुकड्याचंच करतात. सॉफ्टवेअर शिकण्यात तितकी अडचण येत नाही, घोटाळा होतो तो कामाच्या क्रमात. आधी पॅटर्न काढला जातो, मग रन दाबला जातो, आणि आलेखात हवा तिथे खड्डा पडेपर्यंत मापं इकडून तिकडे हलवली जातात. पिरिऑडिक बाउंड्री नीट बसली का, पोर्ट (लाट सोडायचं आणि मोजायचं टोक) नेमकं काय मोजतो, कोन खरोखर तेवढाच आहे का, हे तपासायचं राहूनच जातं. मग व्हायवात कोणी विचारलं की लाट साठ अंशांतून आली तर काय होईल, की सगळा डोलारा हलतो.

इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो. पट्टा ८.२ ते १२.४ गिगाहर्ट्झ. बोर्ड १.६ मिमी जाडीचा एफआर-४ (सर्किट बोर्डाचं नेहमीचं मटेरियल), त्याच्या एकाच बाजूला तांब्याची चौकोनी रिंग. एचएफएसएस, सीएसटीचा फ्रीक्वेन्सी डोमेन सॉल्व्हर, कॉमसॉल किंवा फुकट मिळणारी जीमेश-गेटडीपी ही जोडी, यांतलं कोणतंही सॉफ्टवेअर वापरा. बटणांची नावं बदलतील, क्रम बदलणार नाही.

## टप्पा १: सेलचं माप कागदावर ठरवा

लॅपटॉप उघडण्याआधी एक गणित करायचं आहे. जाळीचं अंतर फार मोठं ठेवलं, तर मुख्य लाटेशिवाय आणखी एक लाट भलत्याच दिशेला निघते. तिला ग्रेटिंग लोब म्हणतात. ती येऊ नये यासाठी अट अशी:

सेलची बाजू < तरंगलांबी ÷ (१ + साइन कोन)

तरंगलांबी पट्ट्यातल्या सगळ्यात वरच्या फ्रीक्वेन्सीची घ्यायची, आणि कोन तुम्हाला लागणारा सगळ्यात मोठा. कोन म्हणजे लाट सरळ समोरून येण्याऐवजी किती तिरपी येते ते, सरळ लाटेला तो शून्य.

बहुतेक जण १० गिगाहर्ट्झची अर्धी तरंगलांबी म्हणून १५ मिमी धरतात. सरळ येणाऱ्या लाटेला ते चालतं, कारण ग्रेटिंग लोब २० गिगाहर्ट्झच्या आसपास येतो. पण कोन ६० अंश केला की मर्यादा १०.७ गिगाहर्ट्झवर उतरते. आपला पट्टा १२.४ पर्यंत आहे. म्हणजे पट्ट्याच्या वरच्या भागात ऊर्जा दुसऱ्याच दिशेला जाणार, आणि आलेखात जे दिसेल त्याचा रिंगशी संबंध लावता येणार नाही.

म्हणून आपण सेल ११.४३ × १०.१६ मिमी घेऊ. मोठ्या बाजूसाठी ६० अंशांवरची मर्यादा १४ गिगाहर्ट्झच्या वर जाते, त्यामुळे पट्टा मोकळा राहतो. हे विचित्र आकडे मुद्दाम घेतले आहेत, त्यांचा उपयोग शेवटच्या टप्प्यात होईल.

सावधान: सेल चौरस नाही. त्यामुळे आडव्या आणि उभ्या पोलरायझेशनचे (विद्युत क्षेत्राच्या दिशेचे) रेझोनन्स, म्हणजे आलेखातले खड्डे, सरळ लाटेलाही तंतोतंत एका जागी येणार नाहीत. याला चूक समजू नका.

## टप्पा २: मॉडेल बांधा, पण रिंग अजून नको

सेलच्या मापाचा उभा डबा काढा. मधोमध बोर्ड, बोर्डाच्या वर आणि खाली प्रत्येकी २५ मिमीच्या आसपास हवा. एफआर-४ ला परमिटिव्हिटी ४.४ आणि लॉस टँजंट (बोर्ड किती ऊर्जा खातो त्याचा आकडा) ०.०२ द्या, पण लॉस टँजंट सुरुवातीला शून्य ठेवा. का, ते टप्पा ५ मध्ये कळेल.

तांब्याची ३५ मायक्रॉन जाडी ठोकळा म्हणून काढत बसू नका. १० गिगाहर्ट्झला तांब्यात प्रवाह साधारण ०.६६ मायक्रॉन खोलीतच वाहतो. तेवढ्या पातळ थरात मेश (गणितासाठी पाडलेले बारीक तुकडे) भरायला गेलात तर लॅपटॉपची मेमरी तिथेच संपेल, आणि उत्तरात काही फरक पडणार नाही. पातळ शीट घ्या आणि तिला तांब्याच्या कंडक्टिव्हिटीची बाउंड्री लावा.

मापं आकड्यांत टाकू नका, व्हेरिएबल करा. डब्याची रुंदी एका ठिकाणी ११.४३ आणि दुसरीकडे हाताने टाइप केलेली ११.४ राहिली, तर पुढचा टप्पा अडखळतो.

## टप्पा ३: समोरासमोरच्या भिंतींची जोडी लावा

पिरिऑडिक बाउंड्री म्हणजे एका भिंतीवरचं क्षेत्र समोरच्या भिंतीवर फक्त फेजच्या फरकाने तेच असलं पाहिजे, ही अट. एचएफएसएसमध्ये हिला पूर्वी मास्टर-स्लेव्ह म्हणायचे, आता प्रायमरी-सेकंडरी म्हणतात. सीएसटीत युनिट सेल निवडलं की जोड्या आपोआप लागतात.

फरशी बसवताना एका कडेची नक्षी शेजारच्या फरशीच्या कडेशी जुळावी लागते, तसंच इथे. एका भिंतीला टेकणारी प्रत्येक रेष समोरच्या भिंतीवर त्याच उंचीला आणि त्याच जागी टेकली पाहिजे. बोर्ड दोन्ही भिंतींना पूर्ण टेकतो का ते झूम करून बघा. केसाएवढी हवेची फट राहिली, तरी सॉल्व्हरच्या दृष्टीने प्रत्येक सेलच्या कडेला एक फट तयार होते.

इथे दोन चुका वारंवार दिसतात. दोन भिंतींवर दिशा दाखवणारे बाण उलटसुलट दिले जातात, मग क्षेत्र आरशातल्यासारखं फिरतं. आणि मेश जुळवायचा राहतो. कॉमसॉलमध्ये एका भिंतीचा मेश समोरच्या भिंतीवर कॉपी करावा लागतो. जीमेशमध्ये तर पृष्ठभाग पिरिऑडिक आहे हे तुम्हीच लिहायचं असतं, नाहीतर दोन भिंतींवरचे त्रिकोण वेगवेगळे पडतात.

तपासणी: फेजचा फरक शून्य ठेवा, सोडवा, आणि विद्युत क्षेत्राचे बाण दोन्ही भिंतींवर बघा. दिशा आणि लांबी दोन्हीकडे सारखी हवी.

## टप्पा ४: फ्लोके पोर्ट आणि मोड

वरच्या आणि खालच्या टोकाला फ्लोके पोर्ट लावा. हा पोर्ट अनंत जाळीकडे जाणारी-येणारी लाट मोडमध्ये, म्हणजे क्षेत्राच्या ठरावीक आकृत्यांमध्ये, वेगळी करून मोजतो. जाळीच्या दोन दिशा पोर्टला सांगाव्या लागतात, त्या भिंतींच्या जोड्यांशी जुळतात का ते पाहा. पहिले दोन मोड म्हणजे शून्य-शून्य टीई आणि शून्य-शून्य टीएम, आपल्याला हव्या असलेल्या लाटेची दोन पोलरायझेशनं. सरळ लाटेला टीई आणि टीएम ही नावं फक्त सोयीची असतात. कोणत्या मोडचं विद्युत क्षेत्र कोणत्या बाजूला आहे ते पोर्टवरचे बाण पाहूनच वहीत लिहा. टीई म्हणजे आडवं असं गृहीत धरून अख्खा रिपोर्ट उलटा लिहिला जातो.

बाकीचे मोड पोर्टपर्यंत पोचण्याआधी विझतात, असं आपण धरतो. ते खरं आहे का हे मोजता येतं. आपल्या सेलमध्ये १२.४ गिगाहर्ट्झला, सरळ लाटेसाठी, ११.४३ मिमीच्या दिशेचा पुढचा मोड दर मिलिमीटरला साधारण ४.२ डेसिबल विझतो. १५ मिमी हवा असली तरी तो ६० डेसिबलने खाली जातो. पण त्याच दिशेने ६० अंशांतून लाट आली की हाच मोड दर मिलिमीटरला जेमतेम १.७ डेसिबल विझतो. १५ मिमीत फक्त २५ डेसिबल, म्हणजे पोर्टवर त्याचा शिल्लक भाग आपटतोच. आपण २५ मिमी हवा घेतली ती यासाठी. एचएफएसएसमध्ये मोड कॅल्क्युलेटर हा विझण्याचा दर सांगतो. तो वाचल्याशिवाय मोडची संख्या ठरवू नका.

सावधान: पोर्टला न सांगितलेला मोड पोर्टवर पोचला, तर तो बाहेर निघत नाही, भिंतीवर आपटल्यासारखा परत फिरतो. वाईट गोष्ट अशी की ऊर्जेची (परत आलेली अधिक पार गेलेली) बेरीज तरीही बरोबर येते. म्हणून बेरजेवर विसंबू नका. पोर्ट १० मिमी दूर सरकवा, संदर्भाची पातळी (फेज जिथून मोजायचा ती जागा) बोर्डाच्या पृष्ठभागावर आणा आणि पुन्हा सोडवा. आलेख हलला, तर एखादा मोड राहिला आहे.

## टप्पा ५: तीन कोऱ्या चाचण्या

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. तिन्ही चाचण्या मिनिटांत संपतात, कारण डबा छोटा आहे, साध्या लॅपटॉपवरही चालतो. आणि तिन्हींचं उत्तर कागदावर आधीच माहीत असतं. नेमकं हेच रिंगच्या बाबतीत नसतं.

पहिली, रिकामा डबा. बोर्डाला हवेचं मटेरियल द्या. दोन पोर्टमधलं अंतर नेमकं ५० मिमी करा. १० गिगाहर्ट्झला एस-२१ (पार गेलेली लाट) जवळपास शून्य डेसिबल आणि फेज साधारण उणे ६०० अंश, म्हणजे पडद्यावर अधिक १२०, यायला हवा. एस-११ (परत आलेली लाट) अगदी तळाला, उणे ५० किंवा त्याहून खाली. कोन ६० अंश केला की फेज अंतर गुणिले कोसाइन या नियमाने अर्धा होतो: उणे ३००, पडद्यावर अधिक ६०. हे दोन आकडे आले तर बाउंड्री, पोर्ट आणि कोन या तिन्हींची व्याख्या बरोबर आहे. नाही आले तर इथेच थांबा, पुढे जाऊन काही सुधारणार नाही.

दुसरी, कोरा बोर्ड. एफआर-४ परत आणा, लॉस शून्य, तांबं नाही. सरळ लाटेला १० गिगाहर्ट्झवर एस-२१ साधारण उणे १.०६ डेसिबल आणि एस-११ साधारण उणे ६.७ डेसिबल यायला हवं. हे सपाट स्लॅबच्या सूत्रातून येतं, स्वतः हाताने काढून पाहा: अपवर्तनांक २.१, बोर्डातला फेज सुमारे ४० अंश. लॉस शून्य ठेवायचं कारण एवढंच की हाताचं गणित सोपं राहतं आणि चूक लपत नाही. आकडा जुळला की मगच लॉस टँजंट ०.०२ करा.

तिसरी, पूर्ण धातू. बोर्डाच्या वरच्या बाजूला अख्खी धातूची शीट ठेवा. संदर्भाची पातळी त्या शीटवर आणली की एस-११ चा फेज १८० अंश हवा. रिफ्लेक्टअ‍ॅरे किंवा आर्टिफिशियल मॅग्नेटिक कंडक्टर करणाऱ्यांनी ही चाचणी कधीच सोडू नये. त्यांचं सगळं डिझाइन परावर्तनाच्या फेजवर उभं असतं, आणि पातळी २ मिमी इकडेतिकडे राहिली तरी १० गिगाहर्ट्झला फेज जवळपास ४८ अंशांनी चुकतो. लाट ते अंतर जाताना आणि येताना असं दोनदा कापते.

## टप्पा ६: आता रिंग, आणि मेश

रिंगचा सरासरी परिघ बोर्डावरच्या एका तरंगलांबीएवढा असतो. बोर्ड एकाच बाजूला असल्याने परिणामी परमिटिव्हिटी फार तर ४.४ आणि १ यांची सरासरी, म्हणजे २.७. त्यावरून १० गिगाहर्ट्झला परिघ १८ मिमीच्या थोडा वर येतो. खरी परिणामी परमिटिव्हिटी त्याहून कमीच असल्याने परिघ थोडा मोठा लागतो, म्हणून सरासरी बाजू ५ मिमी आणि रेषेची रुंदी ०.५ मिमी धरून सुरुवात करा. रिंग सेलच्या बरोबर मधोमध हवी.

मेश आपोआप बारीक होतो, पण कोणत्या फ्रीक्वेन्सीवर बारीक करायचा ते तुम्ही सांगता. इथे बरेच जण पट्ट्याचा मध्य टाकून मोकळे होतात. त्यापेक्षा आधी एक ढोबळ स्वीप (पट्टाभर सोडवणं) घ्या, खड्डा कुठे आहे ते पाहा, मग ती फ्रीक्वेन्सी आणि १२.४ अशा दोन्हींवर मेश बारीक करायला सांगा. रेझोनन्सला रिंगच्या कडांवर आणि कोपऱ्यांत क्षेत्र एकवटतं, आणि बारीक मेश तिथेच लागतो.

एस-पॅरामीटरमधला फरक ०.०२ च्या खाली आला की सॉफ्टवेअर थांबायला तयार असतं. रेझोनंट सेलला हे पुरत नाही. ०.०१ किंवा त्याहून कमी ठेवा आणि लागोपाठ दोन पासमध्ये (मेश बारीक करण्याच्या फेऱ्यांत) अट पूर्ण व्हावी असं मागा. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे प्रत्येक पासनंतर खड्ड्याची फ्रीक्वेन्सी वहीत लिहिणं. ती अजून ५० मेगाहर्ट्झने सरकत असेल, तर मेश झालेला नाही, सॉफ्टवेअर काहीही म्हणो.

ऊर्जेची बेरीज १ आली म्हणजे मेश चांगला, ही समजूतही सोडा. जाड मेशवरही बेरीज १ येऊ शकते, आणि खड्डा मात्र भलत्याच जागी असतो.

स्वीप इंटरपोलेटिंग (मोजक्या बिंदूंवरून मधले आकडे अंदाजाने भरणारा) असेल तर खड्ड्याभोवती थोडे सुटे बिंदू वेगळे सोडवून ताडून पाहा. खूप अरुंद रेझोनन्स दोन बिंदूंच्या मधे राहून जातो. पावसाळ्यात खानापूरकडे वीज गेली की रात्रभराचा रन जातो, म्हणून लांब पॅरामेट्रिक स्वीप तुकड्यांत लावा आणि प्रत्येक तुकडा सेव्ह करा.

## टप्पा ७: तिरपा कोन

कोन देण्याचे दोन मार्ग असतात: कोन थेट लिहा, किंवा दोन भिंतींमधला फेजचा फरक अंशांत लिहा. फेज म्हणजे ३६० गुणिले सेलची बाजू गुणिले साइन कोन, भागिले तरंगलांबी. यात तरंगलांबी आहे, म्हणून कोन कायम ठेवायचा तर प्रत्येक फ्रीक्वेन्सीला फेज बदलला पाहिजे. तुमचं सॉफ्टवेअर, तुम्ही निवडलेल्या स्वीपमध्ये, तो बदलतं का, हे बघावं लागतं.

नाही बदलला तर काय होतं? समजा १० गिगाहर्ट्झला ६० अंशांसाठीचा फेज काढून तोच पट्टाभर ठेवला. १२.४ ला खरा कोन ४४ अंश होतो. ८.६६ च्या खाली तर साइन १ च्या वर जातो, म्हणजे लाट पुढे जातच नाही. आलेखाच्या डाव्या टोकाला एस-२१ कोसळलेलं दिसतं आणि रिपोर्टात लिहिलं जातं, "कमी फ्रीक्वेन्सीला उत्तम शील्डिंग". ते शील्डिंग नसतंच, तिथे लाटच नसते.

तपासणी: टप्पा ५ मधला रिकामा डबा ६० अंशांवर ८.२, १० आणि १२.४ अशा तिन्ही ठिकाणी सोडवा. फेज फ्रीक्वेन्सीच्या प्रमाणात वाढला तर कोन कायम आहे. तसं नसेल तर प्रत्येक फ्रीक्वेन्सी सुटी सोडवा.

टीई आणि टीएम वेगवेगळे मांडा. कोन वाढला की दोन्ही वेगळे वागतात, आणि त्यांची सरासरी काढण्यात काही अर्थ नाही.

## टप्पा ८: अँटेना अ‍ॅरे असेल तर

वरच्या टोकाला फ्लोके पोर्ट, खाली ग्राउंड, आणि पॅचला (अँटेनाच्या तांब्याच्या तुकड्याला) फीड. बाकी सगळं तसंच. फीडवर दिसणारा रिफ्लेक्शन आता एकट्या पॅचचा नाही. सगळे शेजारी एका ठरावीक फेजने चालू असतानाचा तो आहे. त्याला अ‍ॅक्टिव्ह रिफ्लेक्शन म्हणतात. बीम वळवत न्या आणि तो बघत राहा. एखाद्या कोनाला तो अचानक १ च्या जवळ गेला, तर बहुधा बोर्डातली सरफेस वेव्ह (पृष्ठभागाला धरून धावणारी लाट) जाळीशी जुळली आहे. ही स्कॅन ब्लाइंडनेस आहे, ती ट्यूनिंगने जात नाही. बोर्डाची जाडी किंवा सेलचं माप बदलावं लागतं.

गेन पाहून मुलं घाबरतात. सुटा पॅच ६-७ डीबीआय देतो, आणि इथे ५ च्या आतच येतो. हे बरोबर आहे. ग्रेटिंग लोब नसलेल्या अनंत अ‍ॅरेत एका एलिमेंटचा समोरच्या दिशेचा गेन ४ गुणिले पाय गुणिले सेलचं क्षेत्रफळ, भागिले तरंगलांबीचा वर्ग, याच्या वर जाऊ शकत नाही. अर्ध्या तरंगलांबीच्या चौरस सेलला तो आकडा ४.९७ डीबीआय येतो. तुमच्या मॉडेलने याहून जास्त दाखवला, तर क्षेत्रफळ किंवा पॉवरची व्याख्या तपासा.

प्रत्यक्ष अ‍ॅरे ४ × ४ चा असेल, तर अनंत अ‍ॅरेचं उत्तर फक्त सुरुवातीसाठी घ्या. सोळापैकी बारा एलिमेंट कडेला असतात, आणि त्यांना एका बाजूला शेजारीच नाही. तो अ‍ॅरे शेवटी पूर्ण सोडवावाच लागतो.

## टप्पा ९: कॉलेजच्या बेंचवर पडताळा

मोकळ्या हवेत मोजायला मोठा बोर्ड, दोन हॉर्न आणि शोषक भिंती लागतात. एवढं जमत नसेल, तर कॉलेजच्या मायक्रोवेव्ह लॅबमधल्या क्लायस्ट्रॉन बेंचचा एक्स-बँड (आपल्याच पट्ट्याचा) वेव्हगाइड, म्हणजे लाट नेणारी धातूची आयताकृती पोकळ नळी, घ्या. त्याची आतली मापं २२.८६ × १०.१६ मिमी. आपली सेल रुंदीत बरोबर दोनदा बसते, आणि सेलचं माप त्यासाठीच निवडलं होतं.

वेव्हगाइडच्या धातूच्या भिंती आरशासारख्या वागतात. त्यामुळे आतल्या दोन रिंगना सगळीकडे अनंत शेजारी दिसतात. टीई-१० मोड म्हणजे दोन तिरप्या लाटांची बेरीज, साइन कोन = तरंगलांबी ÷ (२ × २२.८६). १० गिगाहर्ट्झला हा कोन ४१ अंश, ८.२ ला ५३, १२.४ ला ३२. आणि दोन शेजारच्या सेलमधला फेज मात्र सगळ्या पट्ट्यात कायम ९० अंशच राहतो. टप्पा ७ मध्ये जी चूक होती, ती इथे नेमकी हवी असलेली मांडणी आहे.

क्रम असा ठेवा:

१. युनिट सेलमध्ये ११.४३ मिमीच्या दिशेला फेज ९० अंश, दुसऱ्या दिशेला शून्य. टीई मोड, विद्युत क्षेत्र १०.१६ मिमीच्या बाजूला समांतर.

२. वेगळ्या फाइलमध्ये धातूच्या भिंतींचा वेव्हगाइड आणि त्यात दोन रिंग. पिरिऑडिक बाउंड्री अजिबात नाही.

३. दोन्हींचे एस-११ आणि एस-२१ एकमेकांवर ठेवा. रिंग दोन्ही मध्यरेषांवर सममित असेल तर ते जुळलेच पाहिजेत. बेंच उपलब्ध नसला तरी एवढी पडताळणी घरबसल्या होते.

४. मगच नमुना बनवा. फेरिक क्लोराइडमध्ये एचिंग करताना ०.५ मिमीची रेष बारीक होते. एचिंगनंतरची खरी रुंदी मोजून मॉडेलमध्ये तीच टाका.

नमुना दोन फ्लँजच्या मधे तसाच दाबू नका. १.६ मिमीच्या फटीतून लाट बाजूला निसटते. तेवढ्याच जाडीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घेऊन त्यात २२.८६ × १०.१६ ची खिडकी कापून घ्या आणि नमुना त्या खिडकीत बसवा. बेळगावच्या उद्यमबागेत मशीनिंगची वर्कशॉप आहेत, तिथे वायर-कटने कापून मागा, कारण मिलिंगमध्ये आतले कोपरे गोल राहतात आणि बोर्ड आत बसत नाही.

आधी तांबं काढलेला कोरा तुकडा मोजा. ४.४ हा एफआर-४ चा ढोबळ आकडा आहे, प्रत्येक बोर्डाचा थोडा वेगळा असतो. कोऱ्या तुकड्याच्या मोजमापावरून खरी परमिटिव्हिटी काढा, मॉडेलमध्ये भरा, मग रिंगचा तुकडा लावा. तुकडा रुंद भिंतींना, म्हणजे वर आणि खाली, घट्ट टेकायला हवा. विद्युत क्षेत्र त्याच दिशेला असल्याने तिथे राहिलेली बारीकशी हवेची फटही परमिटिव्हिटी कमी दाखवते. बाजूच्या अरुंद भिंतींजवळ क्षेत्र जवळपास शून्य असतं, तिथली फट तेवढी जाचत नाही.